एकशेवीस वर्षांचं बाळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं आयटीत, वय पस्तिशीच्या आसपास, जानेवारीत पहिलं बाळ येणार. यजमान वर्षभर दीर्घायुष्यावरचे पॉडकास्ट ऐकतायत आणि त्यांनी एक यादी केलीय. नाळेतलं रक्त साठवायचं, जनुकांची चाचणी करायची, वय उलटं फिरवणारी औषधं निघाली की ती घेता यावीत म्हणून आत्तापासून पैसे बाजूला टाकायचे. बाळ एकशेवीस वर्षं जगावं आणि आनंदात जगावं. यातलं खरं किती आणि बाजारातलं किती, असं तुम्ही विचारलंय.

मी नवजात बाळांचा डॉक्टर. अठ्ठावीस वर्षं एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काढली. माझे पेशंट शून्य वयाचे असतात आणि पुष्कळदा किलोभराचेही नसतात. तरी हा प्रश्न माझ्याच टेबलावर यायला हवा होता, कारण माणसाचं आयुष्य वाढवण्याचं आजवरचं बरंचसं काम आमच्याच टोकाला झालंय.

हिशेब बघा. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं, आज ते सत्तर आहे. म्हणजे तेव्हा माणसं तिशीत म्हातारी व्हायची असं नाही. तुमचे पणजोबाही पंच्याहत्तरीत शेतावर जात असतील. पण पणजीला विचारलं असतंत तर ती म्हणाली असती, आठ झाली, चार हाती लागली. सरासरी त्या न लागलेल्या चारांनी खाली ओढलेली होती. १९७१ साली देशात हजारातली १२९ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी जायची. २०२३ चा आकडा २५ आहे. दुसरं टोक मात्र फारसं हललेलं नाही. फ्रान्सच्या आर्ल गावच्या झान कालमाँ १९९७ साली १२२ व्या वर्षी वारल्या. कागदपत्रं तपासून खात्री झालेल्यांपैकी त्यांच्याखेरीज कुणीही एकशेवीस ओलांडलेली नाहीत. यजमानांनी मागितलेला आकडा आजवर एका बाईंच्या खात्यावर जमा आहे.

आता यादीकडे. औषधांपैकी मला खरोखर रस आहे तो रॅपामायसिनमध्ये, कारण त्याची गोष्टच तशी आहे. १९६४ साली कॅनडाची एक तुकडी ईस्टर बेटावर गेली होती, तिथून मातीचे नमुने आणले. त्या मातीतल्या जिवाणूपासून माँट्रियलच्या एका औषध कंपनीत सुरेंद्रनाथ सहगल या आपल्याकडच्या शास्त्रज्ञानं हे द्रव्य वेगळं केलं. तिथले लोक बेटाला रापा नुई म्हणतात, म्हणून रॅपामायसिन. पुढे कंपनीनं तिथली प्रयोगशाळाच बंद करायला काढली, तेव्हा सहगलांनी नमुना घरच्या फ्रीजरमध्ये नेऊन ठेवला. काही वर्षांनी वरिष्ठ बदलले आणि काम पुन्हा सुरू झालं. १९९९ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांसाठी ते मंजूर झालं, शरीरानं परकं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून. आणि २००९ साली तीन प्रयोगशाळांनी एकाच वेळी दाखवलं की ६०० दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या हिशेबात साठीच्या उंदरांना ते दिलं तर माद्यांचं आयुष्य १४ टक्के आणि नरांचं ९ टक्के वाढतं. साठीनंतर सुरू करूनही! तेव्हापासून जगभरचे काही श्रीमंत लोक ही गोळी आपल्या मर्जीनं खातायत.

पण हे औषध प्रतिकारशक्ती दाबतं. त्यानं तोंड येतं, कोलेस्टेरॉल वाढतं, जखम उशिरा भरते. निरोगी माणसानं घेतल्यावर आयुष्य वाढतं हे अजून कुणीही दाखवलेलं नाही. उंदीर पिंजऱ्यात राहतो, त्याला ना डेंग्यू होतो ना तो लोकलला लटकतो. यजमानांनी स्वतःसाठी कुठून मागवली असेल तर बंद करायला सांगा. घरात नवजात बाळ येणार असताना बापाची प्रतिकारशक्ती दाबलेली मला नको आहे.

वय उलटं फिरवण्याचं म्हणाल, तर क्योटोच्या शिन्या यामानाकांनी २००६ मध्ये उंदराच्या त्वचेच्या पेशींत चार जनुकं घातली आणि त्या पेशी भ्रूणातल्या पेशींसारख्या कोऱ्या झाल्या. २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मग लोकांनी अर्धवट मागे जाण्याचे प्रयोग केले. पेशीनं तरुण व्हावं, पण आपण त्वचा आहोत की यकृत हे विसरू नये. २०१६ मध्ये अकाली म्हातारे होणारे उंदीर या उपायानं जास्त जगले. २०२० मध्ये उंदरांच्या दुखावलेल्या डोळ्याच्या नसेला पुन्हा कोंब फुटले. मात्रा जरा जास्त झाली की पेशी स्वतःला विसरते आणि गाठी होतात. माझा अंदाज विचाराल तर पुढच्या वीस वर्षांत डोळ्यासारख्या एखाद्या अवयवासाठी हे येईल, अख्ख्या माणसासाठी येणार नाही.

गंमत म्हणजे तुमच्या बाळानं ही किमया केव्हाच उरकलीय. ज्या बीजापासून ते झालं ते बीज तुम्ही स्वतः तुमच्या आईच्या पोटात होतात तेव्हाच तयार झालेलं. पस्तीस वर्षं जुन्या पेशीतून शून्य वयाचं माणूस निघालं. गर्भाच्या पहिल्या काही दिवसांत जनुकांवरच्या जुन्या खुणा पुसल्या जातात आणि नव्या लिहिल्या जातात. आपल्याकडे पाचवीला कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लेख लिहिते म्हणून. माझी आजी तो कागद नीट चौरस कापायची, कडा वाकडी गेलेली तिला चालत नसे. लेख असतो, यावर आजीचं आणि माझं एकमत आहे. फक्त लिहिणारी पाचवीपर्यंत थांबत नाही, नऊ महिने आधीच बसते. आणि शाई बरीचशी आईच्या ताटातून घेते.

हे मी अलंकारिक बोलत नाही. ब्रिटनमध्ये महायुद्धाच्या काळात साखरेचं रेशनिंग लागलं, ते १९५३ च्या सप्टेंबरात उठलं आणि लोकांचं साखर खाणं जवळजवळ दुप्पट झालं. २०२४ मध्ये संशोधकांनी त्या तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे जन्मलेल्या, आता सत्तरीत असलेल्या लोकांची तुलना केली. गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत ज्यांच्या वाट्याला कमी साखर आली त्यांना मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होता, रक्तदाबाचा २० टक्क्यांनी. ज्यांना मधुमेह झाला त्यांनाही तो चारेक वर्षं उशिरा झाला. त्या आयांनी कुठली गोळी घेतली नव्हती, रेशनच्या दुकानासमोर रांग लावली होती.

आपला पुरावा तर घरचाच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. तिथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं साडेतीन किलोचं. आपलं बाळ हडकुळं, स्नायू कमी, पण चरबी मात्र टिकवून ठेवलेली. सडपातळ दिसणाऱ्या मराठी माणसाला चाळिशीत मधुमेह का होतो याचं एक उत्तर तिथं आहे. निम्म्याहून जास्त आयांमध्ये बी१२ जीवनसत्त्व कमी होतं, आणि ज्यांचं बी१२ कमी पण फोलेट (फोलिक ॲसिडच्या गोळीतून मिळणारं जीवनसत्त्व) भरपूर होतं त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन नीट काम न करण्याच्या खुणा जास्त सापडल्या. म्हणून फोलिक ॲसिडची गोळी बंद करू नका, पण त्यासोबत बी१२ तपासलंय का हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. शाकाहारी असाल तर याच आठवड्यात विचारा. यजमानांच्या यादीत ही चाचणी नाही. त्या यादीतल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा ती स्वस्त आहे.

नाळेतल्या रक्ताचं लवकर सांगून टाकतो. खासगी बँकेत ते 'विमा' म्हणून ठेवण्याची शिफारस भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना करत नाही, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदही (आयसीएमआर) करत नाही. बाळाला जनुकीय आजार निघाला तर तोच दोष त्या साठवलेल्या पेशींतही असतो, मग उपयोग काय? घरात आधीच एखाद्या भावंडाला प्रत्यारोपण लागणार असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या बाबतीत मी म्हणेन, ते रक्त बाळातच जाऊ द्या. बाळ ठीक असेल तर नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटं थांबावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढ्यात वारेतलं रक्त बाळात उतरतं आणि पहिल्या सहा महिन्यांसाठी त्याचा लोहाचा साठा वाढतो. प्रसूतीच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा, टेबलावर ऐनवेळी कुणाला सुचत नाही.

जनुकं बदलणं हा मात्र थापांचा विषय राहिलेला नाही. २०१८ मध्ये चीनमध्ये एका संशोधकानं जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्माला घातल्या. त्यांना कुठलाही आजार नव्हता, आणि तो माणूस तुरुंगात गेला ते मला योग्य वाटतं. पण २०२५ साली फिलाडेल्फियात एका तान्ह्या बाळाच्या यकृतातला जीवघेणा दोष, फक्त त्याच्यासाठी सहा महिन्यांत बनवलेल्या औषधानं दुरुस्त करायला सुरुवात झाली, तेव्हा आमच्या वॉर्डात आम्ही ती बातमी मोठ्यानं वाचली. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरचा जनुकीय उपचार २०२३ मध्ये मंजूर झाला. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर. आपल्याकडे सिकलसेल आहे तो गडचिरोलीत आणि नंदुरबारमध्ये. ही किंमत नंदुरबारमधल्या अक्कलकुव्याला परवडेल अशी खाली आली, तर त्याला मी दीर्घायुष्याचं तंत्रज्ञान म्हणेन. तुमचं बाळ पोटात आहे, घराण्यात कुणाला तसा आजार नाही असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे जनुकांच्या चाचणीची ओळ तुम्ही यादीतून खोडू शकता.

जन्मल्यावर चोवीस तासांत बाळाच्या मांडीत हिपॅटायटिस बीची लस जाते. ती पन्नास वर्षांनी होऊ शकणारा यकृताचा कर्करोग अडवते. एकशेवीस वर्षांच्या आयुष्यासाठी आज माझ्या हातात असलेलं सगळ्यात भविष्यवेधी यंत्र ते, आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. कुणीच त्याच्यावर पॉडकास्ट करत नाही.

आता कृत्रिम गर्भाशय. यजमानांनी त्याबद्दल वेगळं विचारलंय आणि हा माझ्या आवडीचा विषय आहे. २०१७ मध्ये फिलाडेल्फियातच कोकरांना पाणी भरलेल्या पारदर्शक पिशवीत चार आठवड्यांपर्यंत वाढवलं गेलं, नाळेला बाहेरून रक्तात ऑक्सिजन भरणारं यंत्र जोडून. तेवीस-चोवीस आठवड्यांच्या बाळांसाठी हे कधीतरी येईल आणि यावं. त्या बाळांची फुप्फुसं हवेसाठी तयारच नसतात, आम्ही व्हेंटिलेटरनं त्यांना वाचवतो आणि त्याच व्हेंटिलेटरनं दुखावतो.

पण ते येईपर्यंतची एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी माणदेशातल्या मेंढपाळ घरातलं एक बाळ आमच्याकडे आलं, ११८० ग्रॅमचं. आईचं बीपी चढलेलं, ती दुसऱ्या रुग्णालयात बेशुद्ध. बाप तिच्यापाशी. बाळाबरोबर आला होता आजोबा, पागोटं, धोतर, हातात काठी. बाळ ऊब देणाऱ्या पेटीत. दर अर्ध्या तासानं श्वास विसरायचं, मॉनिटर ओरडायचा, सिस्टर तळपायाला टिचकी मारायची, की पुन्हा श्वास. तिसऱ्या दिवशी मी आजोबांना म्हटलं, आंघोळ करून या आणि सदरा काढा. छातीवरच्या पांढऱ्या केसांत ते बाळ उपडं ठेवलं, टोपरं घातलं, वरून सुती कापड गुंडाळलं. ऑक्सिजनचा आकडा ८८ वर होता. दहा मिनिटांत ९३ झाला आणि तिथं राहिला. मॉनिटर तासभर ओरडलाच नाही. आजोबा हलायला तयार नव्हते. मी म्हटलं, बाबा, अवघडला असाल. म्हणाले, "नवं करडू थंडीत असंच धरत्यात आमच्यात. तुम्हाला आजच कळलं व्हय?"

आम्हाला खरंच उशिरा कळलं होतं. या पद्धतीला कांगारू केअर म्हणतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियात बोगोटाच्या एका प्रसूतिगृहात पेट्या कमी पडायच्या म्हणून आईची छाती वापरायला सुरुवात झाली. मी शिकलो तेव्हा आम्ही ती गरिबांची तडजोड समजायचो आणि आयांना काचेबाहेर उभं करायचो. त्याची लाज अजून वाटते. २०२१ मध्ये पाच देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास आला, त्यात दिल्लीचं सफदरजंग होतं. एक ते १.८ किलोच्या बाळांना स्थिर व्हायची वाट न बघता जन्मापासूनच छातीवर ठेवलं तर पहिल्या महिन्यातले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. फायदा इतका उघड होता की अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली: ऊब, स्तनपान, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनसुद्धा. तीन वर्षांत तिथले नवजात मृत्यू, शेजारच्या गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी उतरले. १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आज देशभरच्या आशाताई त्याच धर्तीवर घरोघरी जाऊन नवजात बाळं बघतात. यजमानांना विचारा, त्यांच्या यादीतल्या कशाचा आकडा याच्या जवळपास जातो.

राहिला आनंद. तो मला मोजता येत नाही, त्यामुळे जपून लिहितो. जमैकात किंग्स्टनमध्ये १९८०च्या दशकात वाढ खुंटलेल्या १२९ लहान मुलांपैकी काहींच्या घरी दोन वर्षं दर आठवड्याला एक आरोग्य कार्यकर्ती तासभर जायची. घरातल्याच डबे-चिंध्यांची खेळणी करायची आणि आईला बाळाशी बोलायला, खेळायला शिकवायची. बस एवढंच. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई बाकीच्यांपेक्षा २५ टक्के जास्त होती, मनाची तब्येतही बरी होती. गोष्टी सांगणारी, प्रश्नांना उत्तर देणारी एआयची बाहुली आता बाजारात आलीच आहे. ती पोराला शब्द शिकवेल, नक्की शिकवेल. पण दीड महिन्याचं बाळ पहिल्यांदा ओळखून हसतं तेव्हा त्याला समोरचा चेहरा बदललेला बघायचा असतो. तो बदलला नाही तर ते आणखी दोनदा हसून बघतं आणि मग मान वळवतं. ओपीडीत मी हे रोज बघतो. आईच्या हातात फोन असतो, आणि तिला रागवण्यात अर्थ नसतो, कारण ती रात्रीतून चारदा उठलेली असते.

म्हणून मला हवी असलेली यंत्रं जरा वेगळी आहेत. एक, वार वाचणारं. बाळंतपण झालं की वार पिवळ्या पिशवीत टाकून जाळायला जाते. नऊ महिन्यांची ती रोजनिशी आहे. रक्तपुरवठा कधी कमी पडला, सूज कधी आली, सगळं तिच्यात असतं. ती पाच मिनिटांत वाचता आली, तर बाळाचाच नाही, तिशीतल्या आईच्या हृदयाचाही पुढचा अंदाज येईल. सटवाईचं हस्ताक्षर आम्ही रोज जाळतो, असं मी विद्यार्थ्यांना म्हणतो तेव्हा ते हसतात. दुसरं, स्वयंपाकघरातलं शिसं ओळखणारं, पळीएवढं. बांगलादेशात हळदीला रंग यावा म्हणून शिशाची पिवळी भुकटी घालायचे. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं. हातात धरायच्या यंत्रानं तपासणी, दंड आणि जागृती एकत्र झाल्यावर २०२१ मध्ये ते शून्यावर आलं. शिसं मुलाची बुद्धी खातं आणि मोठेपणी हृदय. तिसरं यंत्र नाहीच, झोप आहे. नव्या आईला सलग पाच तास झोप देणारी कुठलीही व्यवस्था, मग ती रात्रपाळीची आत्या असो की बापाला मिळणारी पगारी रजा, माझ्या लेखी आनंदी मुलांचं तंत्रज्ञान आहे. बाळंतपणानंतरचं नैराश्य शोधायला दहा प्रश्नांचा एक साधा कागद १९८७ पासून उपलब्ध आहे. सहाव्या आठवड्याच्या लसीला याल तेव्हा तो मागा. दिला नाही तरी मागा.

तर जानेवारीसाठी: बी१२, हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड आत्ताच तपासा. नाळ कधी कापणार ते विचारून ठेवा. नाळेतलं रक्त साठवण्याचे पैसे वाचतील, त्यातून पहिले तीन महिने रात्री येणारी बाई ठेवा किंवा सासूबाईंचं गावाहून येण्याजाण्याचं तिकीट काढा. यजमानांना त्यांचे पॉडकास्ट ऐकू द्या, बाळ छातीवर असताना ऐकायला हरकत नाही, फक्त आवाज बारीक ठेवा. आणि दवाखान्याच्या बॅगेत त्यांच्यासाठी पुढून पूर्ण उघडणारा सुती शर्ट टाका. टी-शर्ट घालून आलेल्या बापांना आम्हाला दवाखान्याचा गाऊन द्यावा लागतो, आणि तो त्यांना पाठीमागून उघडा राहतो.